भातानं काय घोडं मारलंय?

वाद घालायला आपल्याला विषय कधी कमी पडलेला नाही. टिळक-आगरकरांपासून ते मोदक उकडीचा की तळणीचा इथपर्यंत प्रत्येक प्रश्नावर आपण दोन तट पाडून दाखवले आहेत. पण २०१८ च्या आसपास महाराष्ट्रात जो वाद पेटला त्यापुढे हे सगळे किरकोळ. प्रश्न एवढाच होता, की माणसानं दिवसातून किती वेळा जेवावं. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार त्यांनी पुढे चालवलेला : दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा, मधल्या वेळात तोंड बंद. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर : थोडं थोडं पण दर दोन तासांनी खा, तुपाला भिऊ नका, आणि आजी जो भात खात होती तो तुम्हीही खा. दोघांच्याही भाषणांना गर्दी व्हायची. माझी आपली अशी समजूत आहे, की सभागृहाबाहेर पडल्यावर दोन्ही पक्षांचे लोक कोपऱ्यावरच्या एकाच गाडीवर वडापाव खात भांडत असतील.

आमची सोसायटी मीरा रोडला, शांतीनगरात. नाव शांतीनगर असलं तरी शांतीचा आणि सोसायटीचा संबंध बिल्डरच्या करारनाम्यापुरताच. तिथेही उभी फूट पडली. सेक्रेटरी दीक्षितपक्षात गेले. ते सकाळी साडेदहाला आणि संध्याकाळी साडेसहाला घड्याळ लावून जेवायचे. खजिनदार साहजिकच दिवेकरपक्षात, कारण सेक्रेटरींच्या पक्षात राहायचं नाही हे त्यांचं २००२ पासूनचं धोरण आहे. ते दर दोन तासांनी खिशातून चार शेंगदाणे काढून मोजून खायचे. टेरेस गळतीची मीटिंग साडेसहाला ठेवावी की नाही यावर त्या वर्षी जो गदारोळ झाला त्याचं कारण गळती नव्हतं, हे आता सांगायला हरकत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. दोन्ही पंथांत भात निदान जातीबाहेर टाकलेला नव्हता. मग आला तिसरा पंथ. खजिनदारांचा भाचा ज्या जिममध्ये जातो तिथल्या प्रशिक्षकानं त्यांना दीक्षा दिली आणि एके दिवशी ते जिन्यात मला म्हणाले, "मी कार्ब सोडले." मला आधी वाटलं कार विकली. मग कळलं, की भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, केळं, आंबा ही सगळी मंडळी एका वाक्यात हद्दपार झाली आहेत आणि त्यांच्या जागी पनीर, चीज, लोणी आणि अंडी यांची नेमणूक झाली आहे.

आम्ही शाळेत होतो तेव्हा या गोष्टींना पिष्टमय पदार्थ म्हणत. किती निरुपद्रवी शब्द! पिष्टमय पदार्थानं कुणाचं वाईट केलं असेल असं मनातही येत नसे. पुढे त्यांना कर्बोदकं हे भारदस्त नाव मिळालं, तरी त्यांची अब्रू शाबूत होती. 'कार्ब' म्हटल्याबरोबर मात्र तो एकदम पोलीस डायरीतला शब्द झाला. "काल लग्नात जरा कार्ब झाले हो," असं आता लोक खालच्या आवाजात सांगतात. पूर्वी ज्या आवाजात "काल जरा घेतली" म्हणायचे तोच हा आवाज.

बरं, हा शोध नवा आहे असं समजणाऱ्यांनी लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थांची माहिती करून घ्यावी. यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, राजघराण्यातली गिऱ्हाइकं. उंची पाच फूट पाच इंच आणि वजन २०२ पौंड. बुटाची नाडी बांधता येईना आणि जिना उतरायचा तर उलटं, पाठमोरं. ऐकू कमी येतं म्हणून ते डॉ. हार्वे नावाच्या कानाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी कानाकडे पाहून पोटाचं निदान केलं : पाव, साखर, बीअर, बटाटे बंद. वर्षभरात सुमारे ४६ पौंड उतरले. १८६३ साली बँटिंगनी त्यावर एक पुस्तिका लिहिली, ती इतकी खपली की स्वीडिश भाषेत आजही वजन उतरवण्याला 'बांटा' म्हणतात. पुढे अमेरिकेत डॉ. अ‍ॅटकिन्स यांनी १९७२ साली पुस्तक काढून तीच गोष्ट नव्यानं सांगितली. आणि 'कीटो' म्हणतात तो आहार तर १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रोग्यांसाठी सुचवला. फेफरं येणाऱ्या काही मुलांना तो आजही देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर ग्रॅम मोजून. आमचे खजिनदार तो आहार भाच्याच्या देखरेखीखाली घेत होते.

पहिल्या आठवड्यात त्यांचं वजन अडीच किलोनं उतरलं. सोसायटीच्या फळ्यावर पाणी कपातीच्या नोटिशीखाली ही बातमी लागायचीच काय ती राहिली. आता यातली गंमत सांगतो. आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपानं स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की हा साठा पहिल्यांदा मोडला जातो आणि पाणी निघून जातं. म्हणजे पहिल्या आठवड्यात जे उतरतं त्यात चरबी थोडी आणि पाणीच फार. मीरा रोडला राहणाऱ्या माणसाला पाणी येण्याजाण्याचं महत्त्व सांगायला नको. पण टाकी रिकामी झाली म्हणजे इमारत हलकी झाली असं आपण म्हणत नाही. पुढे चरबीही उतरते, नाही असं नाही, पण ती रांगेनं उतरते.

लोकांना मात्र तो पहिला आठवडाच दिसतो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच, फक्त इथे शित खजिनदारांचं आणि भात सगळ्या सोसायटीचा.

ज्यांनी खरोखर माणसं घेऊन, वर्षवर्ष थांबून तपासलं, त्यांचं काय म्हणणं आहे? अमेरिकेत स्टॅनफर्डला ६०९ जणांचे दोन गट केले, एकाला स्निग्ध पदार्थ कमी, दुसऱ्याला पिष्टमय कमी. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस पहिल्या गटाचं सरासरी वजन ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. शास्त्रज्ञांच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नाही. आणि दोन्ही गटांत कुणी भरपूर उतरलं, तर कुणी उलट वाढलं. त्याआधी २००८ साली इस्रायलमध्ये दोन वर्षांची पाहणी झाली, तिच्यात पिष्टमय कमी खाणाऱ्यांची थोडी सरशी झाली हेही सांगितलं पाहिजे : ४.७ किलो, आणि स्निग्ध कमी खाणाऱ्यांचे २.९. म्हणजे दोन वर्षांत दोन किलोंचा फरक. एवढ्यासाठी आपण आजीच्या वरणभाताला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला निघालो होतो.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस भाताचा वकील दिसतो. तसं नाही. भाताचे जे स्वयंघोषित वकील आहेत त्यांच्याशीही माझं तितकंच वाकडं आहे. त्यांचा युक्तिवाद ठरलेला : "आमचे आजोबा दोन वेळा डोंगराएवढा भात खायचे आणि नव्वद वर्षं जगले." असतील जगले. पण ते आजोबा पहाटे उठून नांगर धरायचे. आपण मीरा रोड ते चर्चगेट लोंबकळतो आणि दिवसभर खुर्चीत बसतो. विरारहून भरून आलेल्या गाडीत मीरा रोडला चढणं हा व्यायाम आहे हे मी मान्य करतो, पण तो तीस सेकंदांचा. तेवढ्यात माणूस सपाट होतो, बारीक होत नाही. आणि जे आजोबा पन्नाशीतच गेले त्यांचे नातू जिन्यात भाषण करायला आलेले नसतात, हाही मुद्दा आहे.

शिवाय आपल्या हाडामासाचीच एक भानगड आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंची-वजनाच्या हिशेबानं दोघांचा आकडा अगदी एकच, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२. पुणेकराच्या पोटात काय दडलंय ते बाहेरून कळत नाही, हे आम्हाला ठाऊक होतंच. आता ते शास्त्रानं सिद्ध झालं. म्हणून आपल्याकडे पोटाचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर आणि बाईचा ८० च्या वर गेला की डॉक्टर भुवई उचलतात. देशात मधुमेही १० कोटींच्या वर गेल्याचं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. हे आकडे समोर असताना भाताचा डोंगर आणि वर "परंपरा, परंपरा" म्हणणाऱ्याला काय म्हणावं?

याच पाहणीचा आहाराबद्दलचा भाग २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून निघालं, की आपण भारतीय जी ऊर्जा घेतो तिच्यातली सरासरी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून आणि साखरेतून येते. हे फार झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली सांगितलं, की धान्यातून येणारी ऊर्जा ४५ टक्क्यांच्या वर नको. म्हणजे कमी करा हे म्हणणं बरोबर आहे, आणि ते जिमवाल्यानं सांगितलं म्हणून चूक ठरत नाही. पण त्याच पाहणीनं आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती मला फार आवडली. भात सोडून गव्हाच्या पोळ्या किंवा ज्वारी-नाचणीची भाकरी धरली, पण एकंदर पिष्ट तेवढंच ठेवलं, तर धोका काही कमी होत नाही. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू "मी भाताला शिवत नाही हो" म्हणत तीन भाकऱ्या खातात. भाकरी चांगलीच आहे. पण ती काही पिष्टातून संन्यास घेऊन आलेली नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत जवळजवळ सत्तर ग्रॅम तेच असतं. आणि एकादशीबद्दल तर बोलायलाच नको. साबुदाणा म्हणजे शुद्ध, निर्भेळ, सोवळ्यातला स्टार्च. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्यानं केली तो आहारशास्त्रज्ञच असला पाहिजे.

तेव्हा माझं भांडण 'लो'शी नाही, 'नो'शी आहे. आणि त्याहून जास्त भांडण आहे ते काढून टाकलेल्याच्या जागी काय ठेवलं हे कुणी विचारत नाही त्याबद्दल. अमेरिकेतल्या पंधरा हजारांवर माणसांचा पंचवीस वर्षं माग ठेवलेली एक पाहणी २०१८ साली आली. ऊर्जेपैकी निम्मी किंवा किंचित जास्त पिष्टातून घेणारे सगळ्यांत जास्त जगले. ७० टक्क्यांच्या वर जाणारे लवकर गेले, आणि ४० टक्क्यांच्या खाली उतरणारेही लवकर गेले. पण या खाली उतरणाऱ्यांत मटण, लोणी वाढवणारे एकीकडे आणि डाळी, शेंगदाणे वाढवणारे दुसरीकडे, असा फरक होता. डाळीवाले सुखरूप. अशा पाहणीतून कार्यकारण छातीठोकपणे सांगता येत नाही, हे खरं. पण चीजच्या चौकोनावर लोण्याचा गोळा ठेवून "मी तब्येत करतोय" म्हणणाऱ्यापेक्षा ती नक्कीच जास्त विश्वासार्ह आहे.

आता खजिनदारांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण यात विनोद कमी आहे. त्यांना मधुमेह दहा वर्षांचा. रोजच्या गोळ्यांत एक अशी, की ती स्वादुपिंडाला दामटून इन्सुलिन काढायला लावते. खाणं होतं तेव्हा या गोळीचं काम बरोबर चालतं. खाण्यातलं पिष्ट एकदम बंद केलं आणि गोळी तेवढीच चालू ठेवली तर ती रक्तातल्या उरल्यासुरल्या साखरेवर तुटून पडते. डॉक्टरांना त्यांनी काही सांगितलं नव्हतं. "ते मागच्या पिढीचे आहेत," असं भाच्याचं मत. नवव्या दिवशी संध्याकाळी मीरा रोड स्टेशनच्या पुलावर त्यांना घाम फुटला, हात कापायला लागले आणि ते गर्दीत मटकन खाली बसले. पुलावरची गर्दी म्हणजे बसलेला माणूस तुडवला जायचा. एका कॉलेजच्या पोरानं त्यांना कठड्याशी ओढलं आणि आपल्या दप्तरातलं आंब्याचं पेय पाजलं. दहा मिनिटांत ते शुद्धीवर येऊन म्हणाले, "डाएट लागू पडायला लागलंय."

पुढे त्यांच्या डॉक्टरांनी ती गोळी निम्मी केली आणि भाच्याला भेटायला बोलावलं. भाचा गेला नाही. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना कीटोनं वेगळाच धोका असतो : रक्तात आम्ल साचतं, आणि साखरेचा आकडा फारसा चढलेला नसल्यामुळे कुणाला संशयही येत नाही. इन्सुलिन घेणारे, गरोदर बाया, मूत्रपिंडाचे रोगी, यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. ही दोन वाक्यं जिमच्या आरशावर कुठेही लावलेली मी पाहिली नाहीत. तिथे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो असतात. मधला पूल नसतो.

माझा खरा राग अजून पुढेच आहे. खजिनदारांनी कार्ब सोडले म्हणजे नेमकं काय झालं? त्यांच्या घरी एका ओट्यावर चार स्वयंपाक सुरू झाले. त्यांच्यासाठी पनीर आणि फ्लॉवरचा किसून केलेला 'भात'. मुलांच्या डब्याला पोळी-भाजी. म्हाताऱ्या सासूबाईंना गुरगुट्या भात. आणि चौथा स्वयंपाक म्हणजे या तिघांतून उरलेलं सगळं, जे खजिनदारीणबाई अडीच वाजता ओट्याशी उभ्यानं खात. उरतो तो भातच. पनीर कधी उरलेलं तुम्ही पाहिलंय? आपल्याकडे माशाचा मधला तुकडा, दुसरं अंडं आणि दह्यावरची साय कुणाच्या पानात जाते हे प्रत्येकाला ठाऊक आहे. घरातला पुरुष लो-कार्ब झाला की घरातली बाई हाय-कार्ब होते, हा सिद्धांत मी कुठल्याही मासिकाकडे पाठवायला तयार आहे.

तो मला कळला कारण आमच्याकडेही रिपोर्ट आला तो सौ.चा. तीन महिन्यांची साखर ६.१, म्हणजे मधुमेह नाही पण उंबरठ्यावर. आमच्या घरात कुणी कार्ब सोडले नव्हते, पण उरलंसुरलं संपवायचं काम पंचवीस वर्षं तिचंच होतं. डॉक्टर म्हणाले चार-पाच किलो उतरवा. ही बातमी तळमजल्यापर्यंत पोचायला पाच मिनिटं लागली आणि सगळे पंथ घरी आले. सेक्रेटरी वेळापत्रक घेऊन आले. खजिनदार, पुलानंतरसुद्धा, पनीरचा पत्ता घेऊन आले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नाचणीचं पीठ पाठवलं. समोरच्या जैन वहिनींनी सूर्यास्ताआधी जेवायला सुचवलं; या सगळ्यांत फुकटचा आणि बिनधोक सल्ला तोच होता.

सौ.नं सगळ्यांना चहा दिला आणि ते गेल्यावर वरणाचं पातेलं उघडून माझ्यासमोर धरलं. "यात डाळ दिसते का बघ." दिसत नव्हती. आपलं वरण म्हणजे तुरीच्या डाळीनं पाण्याला दिलेली धावती भेट असते. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम प्रथिनं लागतात; त्या पातेल्यातून वाटीला तीनसुद्धा मिळत नसतील. दुसऱ्या दिवसापासून डाळ दुप्पट झाली आणि पाणी निम्मं. मूग-मटकी भिजायला लागली. भात राहिला, पण डोंगराची टेकडी झाली आणि शेवटची वाटी रद्द झाली. अंडं आलं तर सगळ्यांच्या पानात आलं. बिस्किटं आणि माझ्या चहातली दुसरी साखर गेली, त्याबद्दल मी इथे काही बोलत नाही. स्वयंपाक एकच, सगळ्यांना तोच, आणि उरलेलं रात्री सगळ्यांनी मिळून संपवायचं किंवा सकाळी फोडणीला टाकायचं. संध्याकाळी ती जॉगर्स पार्कला चालायला जाते, आणि तेवढा वेळ कुकर मी लावतो.

आमच्या वॉचमनला सेक्रेटरी एकदा म्हणाले होते, "भाई, चावल कम करो." त्यानं डबा उघडून दाखवला. रेशनच्या तांदळाचा भात, वर पिवळं पाणी, एक मिरची. "कम करके क्या डालूँ, साब?" त्यानं अगदी सरळपणे विचारलं. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं, ते तांदूळ नाहीतर गहू. डाळ, दूध, अंडी ज्याची त्यानं बघायची. कार्ब किती हा प्रश्न त्याला नाही, दुसरं काही आहे का हा आहे. आणि देशभरचे ते ६२ टक्के त्याच्यासारख्यांच्या डब्यातूनही येतात. सेक्रेटरींना साडेसहाची वेळ झाली होती, ते घाईनं वर गेले.

सहा महिन्यांनी सौ.चं वजन चार किलोनं उतरलं आणि आकडा ५.८ वर आला. खजिनदारांनी जिन्यात गाठून विचारलं, "वहिनी, कुठलं डाएट?"

"वरण घट्ट केलं," ती म्हणाली.

"ते ठीक आहे हो, पण नाव काय त्याचं?"